दारावरचा माणूस

अबू धाबीबाहेरच्या मुसफ्फातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये मी सात वर्षं फायबरचे उंट केले. उंट, बहिरी ससाणे, खजुराची झाडं आणि चौकाचौकात मांडायचे दोन पुरुष उंचीचे कॉफीचे दल्ले, म्हणजे अरबी किटल्या. मुंबईत शिल्पकलेचा डिप्लोमा घेतला तेव्हा पोटासाठी दल्ले घडवावे लागतील असं वाटलं नव्हतं. पण पगार वेळेवर येत होता, अबू धाबीत दोन खोल्यांचा फ्लॅट होता, बायको विभावरी इंडियन स्कूलमध्ये इतिहास शिकवत होती आणि मुलगा तन्मय मराठीतल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देण्याइतका मोठा झाला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकलं की लोक विचारतात, तेव्हा तुमच्या डोक्यावर काही ताण होता का. नव्हता. मी नवस बोलत नाही, आणि मांजर आडवं गेलं तर मांजराला आधी जाऊ देतो.

१९९८च्या जानेवारीत दुबईतल्या एका नव्या शॉपिंग सेंटरचं काम आलं. त्यांना तळमजल्यावर प्राचीन रोममधलं एक घर उभं करायचं होतं. ‘रोमन घरातला एक दिवस’, सहा दालनं, बावीस पुतळे. ड्रॉइंग पाहिलं तर बावीसपैकी अठरा गुलाम होते. धनी, धनीण, त्यांची दोन मुलं, आणि बाकी सगळे राबणारे. हमामाच्या भट्टीत लाकडं सारणारा, जातं ओढणारे, मालकिणीचे केस विंचरणारी, जेवणाऱ्यांच्या पाठीमागे पाणी घेऊन उभा असलेला. आणि एक दारावरचा माणूस. त्याच्या पायात साखळी होती आणि साखळीचं दुसरं टोक दाराच्या खांबाला होतं.

प्रत्येक दालनाबाहेर माहितीचा फलक लागणार होता. त्याचा इंग्रजी मजकूर मी तपासायला विभाकडे दिला, आणि मग आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर दुसरा विषय नव्हता.

“अहो, हे पाठीमागे उभे असायचे ना, त्यांना जेवण संपेपर्यंत खोकायची मुभा नव्हती,” ती म्हणाली.

“खोकला आला तर?”

“फटके. केस विंचरणारीची एक बट चुकली तर मालकीण आकडा घेऊन तिच्या दंडात टोचायची. गुलामांची मुलंही धन्याचीच. आणि साठीच्या म्हाताऱ्याला हाक मारायची तरी ‘ए पोरा’.”

“आमच्याकडे पन्नाशीचा ऑफिसबॉय आहे,” मी म्हणालो. ती हसली नाही.

बावीस चेहरे मातीत घडवायचे तर तीन महिने गेले असते. आमच्या धंद्यात यावर एक जुना इलाज आहे. जिवंत माणसाच्या चेहऱ्याचा साचा काढायचा. दाताचे डॉक्टर ठसा घ्यायला वापरतात ती पावडर पाण्यात कालवून चेहऱ्यावर थापायची, वरून प्लॅस्टरच्या पट्ट्या बसवायच्या, नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवायच्या. डोळे अर्थातच मिटलेले. बारा मिनिटांत साचा कडक होतो. पुढे प्लॅस्टरचा चेहरा निघाला की त्याचे मिटलेले डोळे आम्ही कोरून उघडतो. बाहेरून मॉडेल आणणं परवडत नाही, म्हणून वर्कशॉपमधलेच कामगार बसवायचे. ते गुलामांना चालून गेले, पण धन्याच्या पुतळ्याला चाळिशीपुढचा, गालांवर मांस असलेला चेहरा हवा होता. असा चेहरा आमच्याकडे एकच होता, तो माझा. मी बसलो. माझा साचा शौकतने काढला.

शौकत होडेकर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचा, एकोणतीस वर्षांचा. प्लॅस्टरवर त्याच्यासारखा हात पुऱ्या मुसफ्फात नव्हता. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याची बायको अजरा पोटुशी होती. मुलगी झाली, फिझा नाव ठेवलं, ती सतरा महिन्यांची झाली तरी शौकतने तिला पाहिलं नव्हतं. अजरा दर दोन महिन्यांनी पत्रात कागदावर पोरीचं पाऊल ठेवून पेन्सिलने गिरवून पाठवायची. तो कागद खिशात घालून शौकत सुट्टीच्या दिवशी दुबईतल्या देऱ्याच्या बाजारात सँडल बघत फिरायचा. दोन वर्षांनी मिळणारी रजा नऊ एप्रिलला होती, तिकीट झालं होतं. पासपोर्ट नेहमीप्रमाणे ऑफिसच्या लोखंडी कपाटात होता, कारण सगळ्यांचेच तिथे असायचे. अरबाब, म्हणजे आमचा मालक, महिन्यातून एकदा यायचा. एरवी वर्कशॉप मी चालवायचो, किल्ली माझ्याकडे असायची.

दोन एप्रिलला कळलं की उद्घाटन अलीकडे आलंय. मी शौकतला बोलावून सांगितलं, “रजा महिनाभर पुढे ढकलावी लागेल.”

“साहेब, पोर चालायला लागलीय,” तो म्हणाला. “ती झाली तेव्हा पण तुम्ही असंच म्हणालात. ह्या वेळी मी थांबणार नाही.”

“कसा जाशील?”

त्याने कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुम्ही द्याल म्हणून,” तो म्हणाला.

मी दिला नाही. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर राग यायचं कारण तो बरोबर होता हेच होतं. शिल्लक राहिलेल्या कामांत दारावरचा माणूस होता. त्याला मी शौकतचाच चेहरा घ्यायचं ठरवलं.

पाच एप्रिलच्या सकाळी त्याला खुर्चीत बसवलं. या कामात एक रीत आहे आणि ती सगळीकडे पाळतात. चेहरा बंद झाला की भल्याभल्यांना गुदमरल्यासारखं होतं, काहीजण साचा ओरबाडून काढतात. म्हणून एकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सतत बोलत राहायचं. काय बोलतो याला महत्त्व नाही. आमचा फोरमन मुश्ताक क्रिकेटचा स्कोअर सांगायचा. त्या दिवशी मुश्ताक पट्ट्या लावत होता, म्हणून डोक्यावर हात मी ठेवला. तीन दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. काय बोलावं सुचेना. माझ्या दुसऱ्या हातात पहिल्या दालनाच्या फलकाचा कागद होता, गुलाम कसे विकत घेत त्याचा. मी तोच मराठी करून वाचत सुटलो.

“माणूस विकत घेताना तराजू धरणारा एक आणि साक्षीला पाचजण लागत. घेणारा त्या माणसावर हात ठेवून मोठ्याने म्हणे, मी सांगतो की हा माणूस माझा आहे. मग तो तराजूवर धातूचा तुकडा वाजवी आणि व्यवहार पुरा होई.”

मुश्ताकने कालथ्याला चिकटलेलं प्लॅस्टर झाडण्यासाठी तो पावडर मोजायच्या काट्याच्या पितळी ताटलीवर टणकन आपटला. आजूबाजूला गंमत बघायला कामगार उभे होते. किती होते ते मी तेव्हा मोजलं नव्हतं. नंतर आठवून मोजले. पाच होते.

साचा सुटला. शौकत तसाच बसून राहिला, भुवयांवर व्हॅसलीन, कानाशी पांढरे ओघळ. मी म्हणालो, “जा, तोंड धू.” तो उठून गेला.

दुपारी साच्यातून प्लॅस्टरचा चेहरा काढला. मी टेबलाशी गेलो तेव्हा मुश्ताक हात न लावता त्याच्याकडे बघत उभा होता. चेहऱ्याचे डोळे उघडे होते.

अर्धवट उघडे म्हणत नाही. पूर्ण उघडे, पापण्यांच्या कडा स्पष्ट, बुबुळाचा किंचित फुगवटासुद्धा. ती पावडर उघड्या डोळ्यात गेली तर माणूस बोंब मारून उठेल.

“साहब, आंखें बंद थीं,” मुश्ताक म्हणाला. “पलकों पर वैसलीन मैंने खुद लगाया.”

“हवेचा बुडबुडा राहिला असेल.”

“दोनों में? बराबर?”

मी त्याला कामाला लावलं. कोरायचे कष्ट वाचले, असं मनाशी म्हणालो.

संध्याकाळी कामगारांना राहत्या कॅम्पवर नेणारी गाडी सुटेना. शौकत वर्कशॉपच्या दारात उभा होता आणि गाडीत बसत नव्हता. मुश्ताकने ओरडून पाहिलं, दोघांनी दंड धरून पाहिलं. मला वाटलं रजेवरून निषेध चाललाय. मी खिडकीतूनच म्हणालो, “शौकत, गाडीत बस.” तो बसला.

दुसऱ्या दिवशी कळलं की रात्री तो जेवला नव्हता, आडवाही झाला नव्हता. गाडीतून उतरल्यावर कॅम्पच्या फाटकाशी उभा राहिला होता तो सकाळपर्यंत. मी विचारलं, “काय रे, हे काय नाटक?”

“तुम्ही सांगितलं नव्हतं, साहेब.” आवाजात ना राग, ना उपरोध. रोजच्यासारखा साधा आवाज, कोकणी हेल असलेला.

मग मी सांगायला लागलो. संध्याकाळी गाडी सुटण्याआधी सांगायचो, उतर, खोलीत जा, जेव, अंघोळ कर, झोप, पाचला ऊठ. सगळं तंतोतंत व्हायचं. पाणी पी म्हटलं नाही तर त्रेचाळीस अंश उन्हात तो पाणी प्यायचा नाही. ‘पुरे’ म्हटलं नाही तर प्यायचा थांबायचा नाही, हेही एकदा पाहिलं. मुश्ताकचं सांगणं चालत नसे, कॅम्पमधल्या मौलवींचं चालत नसे, एका ओळखीच्या डॉक्टरचंही चाललं नाही. डॉक्टर म्हणाले, उन्हाचा त्रास, घरची ओढ, रजेवर पाठवा म्हणजे बरा होईल.

मी पाठवला नाही. इथे मला आडपडदा ठेवायचा नाही. तीन माणसांचं काम तो एकटा करत होता, चुका शून्य, आणि रजेचा शब्दही काढत नव्हता. नऊ एप्रिल आली आणि गेली. मला ते सोयीचं होतं. एकदा अजराचं पत्र आलं, ते मी त्याच्या हातात दिलं आणि कामाच्या गडबडीत निघून गेलो. सहा दिवसांनी त्याच्या खिशात ते न फोडलेलं दिसलं. ‘वाच’ म्हणायचं मी विसरलो होतो. वाच म्हणालो. आत पावलाचा नवा कागद होता. त्याने तो पाहिला, घडी घातली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

मी हे विभाला सांगितलं. मला वाटलं ती चुकचुकेल. ती ताटावरून उठली. “त्याला उद्या घरी पाठवा,” ती म्हणाली. “अहो, उद्या. हे काय आहे मला माहीत नाही, पण तुम्हाला ते आवडायला लागलंय.”

मी म्हणालो, उद्घाटनाला आठ दिवस राहिलेत.

सत्तावीस एप्रिलच्या दुपारी ट्रान्सपोर्टवाला यायचा होता. मला तीन गल्ल्या पलीकडे हार्डवेअरच्या दुकानात जायचं होतं. मी शौकतला म्हणालो, “मी येईपर्यंत दारातून हलू नको. दुसऱ्या कोणाला आत सोडू नको.”

“जी, साहेब.”

दुकानात वेळ लागला. परत वळलो तर आमच्या गल्लीवर काळा धूर होता. रेझिनच्या धुराचा एक गोडसर, घशात बसणारा वास असतो, तो मोटारीच्या बंद काचांतून येत होता. कोणीतरी हार्डनर आणि कोबाल्ट एकाच डब्यात ओतलं होतं. आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात की हे करायचं नाही, भडका उडतो. कामगार रस्त्यावर जमले होते. मुश्ताकच्या भुवया जळाल्या होत्या आणि तो रडत होता.

“तीन आदमी मिल के खींचा, साहब,” तो म्हणाला. “खंभा हिल जाए, वो नहीं हिलता.”

शौकत दारात उभा होता.

त्याच्या मागे स्टोअर पेटलं होतं. दाराच्या फळीवरचा रंग फोड येऊन गळत होता. त्याचे हात बाजूला सरळ होते. तोंड रस्त्याकडे होतं.

डोळे उघडे होते. धुरात आम्हाला कोणालाच डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

मी ओरडलो, “शौकत, बाहेर ये.”

तो आला. चालत आला, चहा आणायला निघाल्यासारखा. माझ्यासमोर थांबला. त्याच्या पाठीवरचा कपडा उरला नव्हता.

हॉस्पिटलमध्ये नर्स ड्रेसिंग करत होती. माझ्याने बघवेना. मी विचारलं, “खूप दुखतंय का?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळू विचारलं, “दुखू दे का, साहेब?”

मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. पुतळे वाचले होते, ते दुसऱ्या शेडमध्ये होते. मी गेलो नाही. पंधरा मेला डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली आणि मी स्वतः शौकतला विमानतळावर नेलं. कपाटातून आणलेला पासपोर्ट त्याच्या हातात ठेवला.

“घे. आता तुझा तू,” मी म्हणालो. “माझी चूक झाली. तू मोकळा आहेस.”

त्याने तो घेतला आणि उभा राहिला. आपोआप उघडणारं दार उघडत होतं, मिटत होतं. लोक त्याला वळसा घालून जात होते. दहा मिनिटं मी त्याच्याकडे बघत होतो. मग सांगायला लागलो. आत जा. काउंटरवर पासपोर्ट दाखव. विमानात बस. जेवण देतील ते खा. मुंबईला उतर, रत्नागिरीची बस धर. घरी जा. लेकीला उचलून घे.

“जी, साहेब,” म्हणून तो आत गेला. काचेतून दिसेनासा होईपर्यंत मी पाहिलं. मला वाटलं, सगळं सांगून झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी फोन आला. “साहेब, मी अजरा बोलतेय. शौकतची बायको.” ती फार जपून बोलत होती. “ते पोचले. पण ते दारातच उभे आहेत. दुपारपासून पोरीला खाली ठेवत नाहीत. ती रडून रडून झोपली. तुम्ही जरा सांगता का?”

तिने फोन त्याच्या कानाला लावला असावा. श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, “तिला खाली ठेव. घरात जा. जेव.”

त्यानंतर रोज सकाळी सहाला आमच्या फ्लॅटमधला फोन एकदा वाजायचा आणि थांबायचा. एकच रिंग. मी उलट फोन लावायचो. पलीकडून शौकत म्हणायचा, “सलाम, साहेब.” मी त्याचा दिवस सांगायचो. होडीवर जा, जाळं ओढ, पाणी पी, पुरे, बायकोशी बोल. किती वेळ बोलून थांब, हेसुद्धा. सुट्टीच्या दिवशी मी झोपलेला असलो तर तन्मय आत येऊन म्हणायचा, “बाबा, दॅट मॅन अगेन.” असं साडेतीन वर्षं चाललं. पहिले काही महिने मला लाज वाटायची. मग सवय झाली. दाढी करता करता सांगून टाकायचो.

विभाने या काळात बरंच वाचलं. एकदा म्हणाली, “रोममध्ये गुलाम मोकळा करायचीही एक रीत होती. धनी त्याचा हात धरून म्हणायचा, हा माणूस मोकळा व्हावा अशी माझी इच्छा आहे. मग त्याला जागच्या जागी एकदा फिरवायचा आणि हात सोडायचा. तुम्ही जाऊन करून या.”

“असल्या गोष्टींवर तुझा विश्वास आहे?”

“माझा विश्वास जाऊ दे. रोज सहाला कोणाचा फोन वाजतो?”

मी तेव्हाही गेलो नाही. गेलो ते २००१च्या डिसेंबरात, आणि त्याचं कारण सांगायला मला जड जातं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी आमचं घरात भांडण झालं होतं. फोन वाजला, मी लावला, शौकत म्हणाला “सलाम, साहेब,” आणि मी म्हणालो, “उभा राहा.” आणि ठेवून दिला. ऑफिसात आठवण झाली नाही. रात्री आठला आठवलं. अजराने फोन उचलला. तिने फक्त तो त्याच्या कानाला लावला.

त्यांचं घर खाडीच्या वर आहे, चिऱ्याचं, पुढे पडवी. शौकत पायरीवर उभा होता. केस पिकले होते, तेहतिसाव्या वर्षी. अजराने चहा दिला. तिने मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. फिझा पाच वर्षांची, बापाच्या बाजूला उभी होती. मी तिच्यासाठी चॉकलेटचा डबा नेला होता. अजरा म्हणाली, “घे गं.” तिने घेतला नाही. मी म्हणालो, “घे,” तेव्हा घेतला. मुलगी लाजरी आहे, असं मला वाटलं.

भर सकाळी, पडवीत, मी शौकतचा हात धरला. तळव्यावर जाळ्याच्या दोराचे घट्टे होते. विभाने कागदावर लिहून दिलेलं वाक्य मी म्हटलं. “हा माणूस मोकळा व्हावा अशी माझी इच्छा आहे.” त्याला एकदा फिरवलं. हात सोडला. मला फार खुळ्यासारखं वाटत होतं.

तो डोलला आणि खांब धरून उभा राहिला. मग त्याने पाठीला हात लावला आणि कळवळला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तो आत गेला, मडक्यातून पाणी घेऊन प्यायला, अर्धा पेला, आणि पेला ठेवला. कोणी काही सांगितलं नव्हतं. अजरा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. शौकत बाहेर आला तेव्हा त्याने माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग ओळख पटली, आणि तो म्हणाला, “तुम्ही जा आता.” मी गेलो. त्या वाक्याने मला झाला तेवढा आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला नाही. त्या आठवड्यात नाही, त्या वर्षात नाही. सकाळी सहाला मला आपोआप जाग यायची, फोनकडे बघत पडून राहायचो, मग विभा म्हणायची, झोपा. पुढे पुढे झोप लागायला लागली. शौकतने स्वतःची होडी घेतली असं मुश्ताककडून कळलं. मुश्ताकला त्याने ईदला फोन केला होता. मला केला नव्हता, आणि ते योग्यच होतं.

२००३च्या जूनमध्ये, सोळा तारखेला, सकाळी सहाला फोन एकदा वाजला आणि थांबला.

विभा चहा करत होती. तिने गॅस बंद केला.

मी नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. 

“शौकत?”

“सलाम, साहेब.” लहान मुलीचा आवाज होता.

“कोण, फिझा? अब्बा कुठे आहेत? बरे आहेत ना?”

“अब्बा होडीवर गेले. अब्बा आता स्वतःच जातात.”

“आणि अम्मी?”

“अम्मी मला कालपासून हाका मारतेय.” पलीकडे खरंच कोणीतरी तिचं नाव घेत होतं, अगदी जवळून, पुन्हा पुन्हा. “शाळा सुरू झाली,” फिझा म्हणाली. “सगळी मुलं गेली. मी उभी आहे.”

मी ‘अम्मी सांगेल तसं कर’ म्हणालो. ‘तुला वाटेल ते कर’ म्हणालो. पलीकडे काही हललं नाही. विभा माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती आणि तिने तोंडावर हात धरला होता. भारतात साडेसात वाजले होते.

“दप्तर घे,” मी म्हणालो. “चपला घाल. शाळेत जा.”

“जी, साहेब,” ती म्हणाली. फोन ठेवला नाही. “आणि मग?”